सुई लावली की गाठ पसरते का?

सिस्टरबाई, नमस्कार. माझं वय ३७. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. चार एकर वावर आहे, दोन लेकरं आहेत. दिवाळीच्या आधी आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली हाताला, बोराएवढी. दुखत नाही म्हणून महिनाभर कोणाला बोलली नाही. मग नवऱ्याला सांगितलं. यवतमाळला सोनोग्राफी झाली. कागदावर ‘बायरॅड्स ४ए’ लिहून आहे आणि डॉक्टर म्हणाले, ट्रूकट बायोप्सी करून घ्या. घरी आल्यावर सासूबाई रडायलाच लागल्या. त्यांच्या बहिणीला असंच झालं होतं, सुई लावली आणि सहा महिन्यांत गेली. त्या म्हणतात, लोखंड लागलं का गाठ पिसाळते, काही लावू देऊ नको, झाडपाल्याचं औषध देणारा एक जण आहे त्याच्याकडे जाऊ. नवरा म्हणतो वेचणी होऊ दे, मग पाहू. मला तर बायोप्सीत नेमकं काय करतात तेच माहीत नाही. किती कापतात? भूल देतात का? माणूस डॉक्टर असला तर? कामाला किती दिवस खाडा पडेल? आणि कागदावर ४ लिहिलं म्हणजे चौथी स्टेज का? कोणाला विचारू समजेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.
एक बहीण, जिल्हा यवतमाळ

बाई, तुला तूच म्हणते. माझी थोरली लेक तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रात्रीची झोप त्यानेच उडवली असणार. ४ए म्हणजे चौथी स्टेज नाही. स्टेज हा शब्द कॅन्सर आहे हे ठरल्यानंतर येतो, आणि तुझं अजून काहीच ठरलेलं नाही. बायरॅड्स हा सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पाहणाऱ्या डॉक्टरांचा आकडा आहे, शून्यापासून सहापर्यंत. चित्र पाहून शंका किती वाटते एवढंच तो सांगतो. ४ म्हणजे नुसतं चित्र पाहून बोलता येत नाही, तुकडा तपासावा लागेल. त्यातही ए, बी, सी असे तीन भाग, आणि तुझा सर्वात कमी शंकेचा. ४ए लिहिलेल्या शंभर जणींत कॅन्सर निघतो तो २ ते १० जणींना. बाकीच्या नव्वद आणि त्याहून जास्त जणींची गाठ साधी असते: फायब्रोअडेनोमा नावाची रबरासारखी गाठ, पाण्याची गाठ, दुधाच्या नळ्यांची सूज. आपल्याकडे कधी कधी टीबीचीही गाठ निघते, ती गोळ्यांनी बरी होते.

पण तू त्या नव्वदांत आहेस की उरलेल्या दहांत, हे हात लावून कोणी सांगू शकत नाही, मोठ्यातला मोठा डॉक्टरही नाही. आणि ‘दुखत नाही’ यावर विसंबून राहू नकोस. छातीतला कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखलं असतं तर बायका लवकर आल्या असत्या, असं मी कितीदा म्हटलं असेल.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस, त्या खोटं बोलत नाहीत. बहिणीला सुई लागली आणि सहा महिन्यांत ती गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी सर्जरीच्या ओपीडीत एकतीस वर्षं काढली आणि अशा बहिणी खूप पाहिल्या. त्या यायच्या तेव्हा गाठ बोराएवढी नसायची, पेरूएवढी असायची. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची झालेली. कोणाची फुटून पाझरत असलेली, त्यावर हळद नाहीतर कसलातरी काळा लेप, वरून जुन्या लुगड्याची चिंधी. काखेत वेगळ्या गाठी. विचारलं तर सांगायच्या, दोन वर्षं झाली. रोग तोवर फुप्फुसात, हाडांत पोचलेला असायचा. मग सुई लागायची, रिपोर्ट यायचा आणि काही महिन्यांत ती बाई जायची. घरच्यांना दोन वर्षांची गाठ दिसलेली नसायची, कारण तिने ती दाखवलीच नव्हती. त्यांना दिसली ती सुई. म्हणून नाव सुईचं झालं, आणि तेच गावोगाव फिरत राहिलं.

सुई बाहेर येताना तिच्या वाटेत चार-दोन पेशी सांडू शकतात, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण अशा सुट्या पेशी बहुतेक तिथेच मरतात. आणि कॅन्सर निघालाच तर पुढच्या ऑपरेशनमध्ये किंवा रेडिएशनमध्ये ती जागाही सहसा येतेच. सुईने तपासणी केली म्हणून बायकांचं आयुष्य कमी झालं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जगभर पद्धत हीच आहे: आधी सुईने तुकडा, मग रोगाचं नाव, मग उपचार.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. एक बाई माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. तालुक्याच्या गावातल्या एका लहान दवाखान्यात तिची गाठ ‘साधीच आहे, दहा मिनिटांचं काम’ म्हणून चीर देऊन काढली. नवऱ्याला ट्रेमध्ये दाखवली आणि फेकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. अकरा महिन्यांनी त्याच टाक्यांखाली कडक गाठ घेऊन ती आमच्याकडे आली, आणि या वेळी काखेतही होती. पहिली गाठ काय होती हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. तिचा केसपेपर मी लिहिला. वय लिहिलं ३९ आणि पुढे माझा हात चालेना.

म्हणून तुझ्या घरात सुईची जी भीती आहे ती उचलून चाकूवर ठेव. सुईच्या तपासणीआधी कोणी ‘काढूनच टाकू’ म्हणालं तर थांब, आधी ट्रूकट, म्हणजे सुईने तुकडा घेणं, का नको ते विचार. कॅन्सर असेल तर ऑपरेशन किती मोठं, काखेतलं काही काढायचं का, आधी किमो द्यायची का, हे सगळं तुकड्याच्या रिपोर्टवर ठरतं. आधीच चीर पडली की तो सगळा हिशेब बिघडतो आणि बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. आणि कधीही, कुठेही, तुझ्या अंगातून काढलेला तुकडा तपासल्याशिवाय फेकू देऊ नकोस. झाडपाल्यावाल्याकडे तर जाऊच नकोस. त्या लेपांनी भाजलेली कातडी मी स्वतः धुतली आहे.

आता तुला जे माहीत नाही म्हणतेस ते सांगते, जसं होतं तसं.

त्या दिवशी उपाशी जायचं नाही. याला एवढ्या जागेवर भूल असते, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, त्यामुळे पोट रिकामं लागत नाही. आपल्या बायका मात्र पहिल्या एसटीने चहाही न घेता येतात, त्यात गुरुवार नाहीतर चतुर्थी असते, आणि टेबलावरून उठताना चक्कर येऊन पडतात. तेव्हा भाकरी खाऊन जा. पुढून बटणं असलेलं ब्लाऊज घाल, छातीला-काखेला पावडर लावू नको. पाळी चालू असली तरी चालतं, त्यासाठी तारीख पुढे ढकलू नको. सोनोग्राफीचा कागद आणि फिल्म दोन्ही सोबत घे. मॅमोग्राफी करायची असेल तर ती बायोप्सीच्या आधीच होऊ दे, कारण सुईनंतर आत रक्त साकळतं आणि चित्र गढूळ दिसतं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, बीपी-शुगरच्या गोळ्या, दात काढताना भुलेचं इंजेक्शन सोसलं नसेल तर ते, दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असशील तर तेही आधीच सांग. गोळ्या मात्र मनाने बंद करू नकोस.

डॉक्टर माणूस असू शकतात. सर्जरीत अजूनही पुष्कळ माणसंच आहेत. पण आत एखादी सिस्टर किंवा तुझी जाऊ-बहीण उभी राहावी हे मागायचा तुला हक्क आहे. लाजू नको, ‘मॅडम आत थांबा’ एवढं म्हण. एक बाजू सोडून बाकी अंग झाकून ठेवतात, आणि डॉक्टरांचं लक्ष बहुतेक वेळ सोनोग्राफीच्या पडद्यावर असतं.

उताणं झोपवून डावा हात डोक्याखाली ठेवायला सांगतील. मग तपकिरी औषधाने पुसतात, ते गार लागतं. मधे भोक असलेलं हिरवं कापड टाकतात. मग भुलेचं इंजेक्शन. जे दुखतं ते हेच. लाल मुंगी डसल्यावर आग होते तशी आग, दहा-पंधरा सेकंद. दोन-तीन मिनिटांत ती जागा बधिर होते. कातडीला तांदळाच्या दाण्याहून लहान, दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात, त्याला बहुधा टाका लागत नाही. त्यातून सुई आत जाते. ही सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड, साधारण दोन मिलिमीटरची असते आणि तिला स्प्रिंग असते. डॉक्टर सांगतील, ‘आता आवाज येईल’, आणि खट् होतं, जाड कागदाला स्टेपलर मारल्यासारखं. दाब जाणवतो, दुखायला नको. दुखलं तर तोंड दाबून पडून राहू नकोस. सांग, आणखी भूल देतात.

सहा वर्षांपूर्वी माझी स्वतःचीही झाली. तो खट् आवाज मी हजारदा ऐकलेला, उशाशी उभी राहून बायांचे हात धरलेले, तरी पहिल्या खट्ला मी दचकलेच. दुसऱ्यापासून काही वाटलं नाही. असे तीन ते पाच तुकडे घेतात, गरज पडली तर एखादा जास्त. तुकडा म्हणजे केवढा, तर शेवईचं एक टोक: पांढुरकं, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. यानं छातीचा आकार बदलत नाही. पुढे छेदाचा डागही शोधावा लागतो.

मग दहा-पंधरा मिनिटं तिथे घट्ट दाबून धरतात. हे दाबणं मी सर्वात महत्त्वाचं मानते, कारण इथे घाई झाली की आत रक्त साकळून काळी-निळी गाठ येते. सिस्टर मधेच हात काढून दुसऱ्या कामाला गेली तर तूच दाबून ठेव. वर पट्टी, अर्धा तास बाकावर बसणं, आणि घरी. बाकावरचा अर्धा तास सोडून, आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत पाऊण तास धर. प्रत्यक्ष सुईचं काम दहा-पंधरा मिनिटांचं.

त्या बाटलीकडे लक्ष दे. आपल्याकडे अनेक ठिकाणी तुकड्याची बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात आणि लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगतात. आत फॉर्मलिन, म्हणजे तुकडा सडू न देणारं औषध, हवं. झाकण उघडलं तर डोळ्यांत झोंबतं, तुकडे त्यात पूर्ण बुडतील एवढं हवं. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवून आणलेले तुकडे मी पाहिले आहेत. एकाने पाण्याच्या बाटलीत घालून तिसऱ्या दिवशी आणले, ते सडून गेले होते, आणि त्या बाईला सगळं परत सोसावं लागलं. तेव्हा बाटलीवर तुझं पूर्ण नाव, तारीख, ‘डावी बाजू’ लिहिलं आहे का पाहा, त्याच दिवशी लॅबमध्ये पोचव आणि पावती जपून ठेव.

घरी आल्यावर रात्री दुखेल, त्याला पॅरासिटामॉल पुरतं. दुकानातली दुसरी कुठली दुखण्याची गोळी घेऊ नको, त्यातल्या काहींनी रक्त वाहतं. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं शेक, बर्फ मिळाला नाही तर माठातल्या पाण्याची ओली पट्टी. घट्ट ब्रा किंवा ब्लाऊज रात्रीही राहू दे. पट्टी एक दिवस ओली करायची नाही. आजूबाजूला निळं पडतं, मग हिरवट-पिवळं होत आठ-पंधरा दिवसांत जातं, त्याला घाबरू नको. दाबूनही रक्त थांबत नाही, ताप येतो, जागा लाल आणि गरम होते, पू येतो, असं काही झालं तर मात्र लगेच दवाखान्यात जा.

खाडा म्हणशील तर बायोप्सीचा दिवस, आणि पुढचे दोन दिवस ओझं नाही. पाण्याची गुंडी नाही, सरपण नाही, कापसाचं गाठोडं डोक्यावर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमरेला ओटी बांधून वेचायला हरकत नाही. आणि रिपोर्ट आणायचा एक दिवस. चार दिवसांचं काम आहे, त्यासाठी वेचणी संपायची वाट पाहायची नाही. हे तुझ्या नवऱ्याला माझ्या नावाने वाचून दाखव. बोंड फुटलं आणि पाऊस आला तर तो आठ दिवस थांबत नाही, त्याच दिवशी माणसं लावतो. इथेही तेवढीच घाई हवी. एक आठवडा इकडेतिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही, पण आपल्याकडे वेचणीनंतर तूर येते, तुरीनंतर हरभरा, मग लग्नसराई, आणि बाई आषाढात येते.

रिपोर्टला बहुधा आठवडा लागतो. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरतो, मग मेणाच्या वडीत बसवतात, त्या वडीचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर रंगवतात, आणि मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उशीर झाला म्हणजे वाईटच आहे असं समजू नको. माझा रिपोर्ट नवव्या दिवशी आला. साधी गाठ निघाली, पण ते नऊ दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. तू तसं करू नको. सासूबाईंना जवळ बसवून बोल. त्यांच्या मनात बहिणीचं मरण पुन्हा चालू झालं आहे.

रिपोर्टवर ‘बिनाइन’ असेल तर साधी, ‘मॅलिग्नंट’ किंवा ‘कार्सिनोमा’ असेल तर कॅन्सर. ‘इनअॅडिक्वेट’ म्हणजे तुकडा पुरेसा आला नाही, पुन्हा घ्यावा लागेल. ‘एटिपिकल’ म्हणजे मधलं प्रकरण, त्यात बहुधा आणखी थोडा भाग काढून पाहतात. पण साधी निघाली तरी रिपोर्ट घेऊन परस्पर घरी जाऊ नकोस. ज्यांनी बायोप्सी लिहिली त्यांना दाखव आणि विचार, ‘हा रिपोर्ट सोनोग्राफीशी जुळतो का?’ चित्र वेगळं सांगत असेल आणि तुकडा वेगळं, तर सुई गाठीच्या बाजूला लागलेली असू शकते, मग परत घेतात. जुळत असेल तर पुढची सोनोग्राफी कधी करायची ते कागदावर लिहून घे.

कॅन्सर निघालाच, तर त्याच मेणाच्या वडीवर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या होतात आणि त्यांना आणखी काही दिवस लागतात. कोणतं औषध लागू पडेल ते त्यावर ठरतं, म्हणून त्या झाल्याशिवाय उपचार ठरवू देऊ नको. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असेल तर लॅबमधून ती वडी आणि काचा मागता येतात. तिथे ‘ब्लॉक आणि स्लाइड द्या’ म्हणायचं. बोराएवढ्या गाठीत पकडलेला कॅन्सर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, आणि अनेकींची छाती न काढता फक्त गाठ काढून भागतं.

जायचं कुठे? यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सर्जरीच्या ओपीडीत दाखव. तिथे तारीख लांबची मिळाली तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, नागपूरचं मेडिकल किंवा राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा तरी भार कमी. राशन कार्ड आणि आधार सोबत ठेव. दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेट आणि तुझ्या तपासणीतलं काय योजनेत बसतं ते विचारून घे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. सासूबाईंच्या बहिणीचं सांगितलंस, पण ते तुझं रक्ताचं नातं नाही, त्यामुळे तुझा धोका वाढत नाही. डॉक्टर विचारतील ते तुझ्या माहेरचं: आई, मावशी, आत्या, आजी, बहीण यांच्यात कोणाला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, आणि कितव्या वर्षी. माहेरच्या बायका हे फोनवर सहसा सांगत नाहीत, ‘काहीतरी पोटाचं होतं’ म्हणतात. आज संध्याकाळी आईला फोन लाव आणि नीट विचारून कागदावर लिहून ठेव.